रुमालाखालचा सौदा

पटलं तर घ्या, नाही पटलं तर सोडून द्या. मी मात्र यात पदरचं काही घातलेलं नाही.

ही घटना घोडेगावची. नेवासे तालुक्यातलं, जनावरांच्या बाजाराचं घोडेगाव. साल एकोणीसशे एकाहत्तर, मोठ्या दुष्काळाच्या आदलं. चैत्रातला जत्रेचा शुक्रवार. शुक्रवार म्हणजे बाजाराचाही वार.

आणि वेळ रात्रीची नव्हती.

भुतं रात्रीच निघतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी चैत्रातली भर दुपार कधी उघड्या माळावर काढलेली नाही.

टळटळीत ऊन होतं. सगळा बाजार भोवती उभा राहून बघत होता. आणि तरीही...

तरीही ते झालं.

ज्याच्या बाबतीत झालं त्याला मी नुसतं सहादेव म्हणणार आहे. तो माझ्या घरचाच माणूस. पण नातं आत्ता विचारू नका. शेवटी सांगतो.

सहादेव हेडी होता. म्हणजे जनावरांचे सौदे जुळवून देणारा दलाल. बैल लांबून येताना दिसला की चालीवरून त्याचं वय सांगायचा, आणि तरीही जवळ आल्यावर जबडा उघडून दात बघायचाच. ‘सोस्तात मिळालं की दोनदा दात बगावं’ हे त्याचं पेटंट वाक्य. बाजारात नवखी पोरं त्याची नक्कल करायची.

हेड्यांचा सौदा तोंडानं होत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेल. दोघं उजवे हात पुढं करतात, वर रुमाल टाकतात, आणि मग जे काही बोलायचं ते बोटं बोलतात. एक बोट दाबलं की एक, दोन दाबली की दोन. हात झटकला की नामंजूर. तळव्यावर अंगठ्यानं उलटी रेघ ओढली की ‘दिलेला माल परत घ्यायचा हाय’. आणि अख्खा पंजा आवळला की सौदा पक्का. पंजा आवळल्यावर आभाळ कोसळलं तरी माघार नाही.

एवढं एक ध्यानात ठेवा, पुढं लागेल. रुमालाखाली फक्त आकडा ठरतो. कशाचा सौदा, ते कुणी बोलत नाही. कारण माल समोर उभा असतो.

सहादेवाचा जिवाभावाचा जोडीदार होता गहिनीनाथ. तोही हेडीच. बायको मागंच वारलेली, मूलबाळ नाही, घरात एकटा जीव. तरुणपणी एका मारक्या खोंडाच्या कासऱ्यात त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट अडकलं, खोंडानं हिसका दिला आणि बोट अर्धंच राहिलं. तेव्हापासून बाजारात कुणीही डोळे झाकून सांगायचं, रुमालाखाली गहिन्याचा हात आहे.

दोघांना नाद एकच. बुद्धिबळ.

पुस्तकातलं नव्हे, आपलं देशी. प्यादं एका वेळी एकच घर सरकणार, राजा एकदाच घोड्यासारखी उडी मारणार. घोडेगावच्या हेड्यांनी त्यात स्वतःची एक गंमत घातली होती. पहिली खेळी कुणाची, हे ठरवायला ते नाणं उडवत नसत. तिथंही रुमाल! पहिली खेळी हवी असेल तर त्या बदल्यात आपली प्यादी सोडायची. एक बोट दाबलं की ‘एक प्यादं सोडतो, सुरुवात मला दे’. समोरच्यानं दोन दाबली की ‘मी दोन सोडतो’. ज्याला परवडेना तो दुसऱ्याचा पंजा आवळायचा, की झालं. दरवर्षी जत्रेच्या शुक्रवारी बाजारतळावरच्या लिंबाखाली ही चुरस लागायची. बक्षीस म्हणाल तर एक नारळ आणि एक भगवा फेटा. पण तो फेटा मिळवायला लोक वर्षभर झुरायचे.

गहिनीनाथाच्या दोन खोडी होत्या. डाव मांडताना तो तीन लाल प्यादी डाव्या मुठीत धरून खुळखुळवायचा.

खुळ... खुळ... खुळ...

मग ती एकेक करून घरात ठेवायचा. आणि सुरुवात त्याच्याकडं आली की नेमका उजव्या हत्तीपुढचं प्यादं सरकवायचा. शहाणा माणूस कधी तिथून सुरुवात करत नाही. सगळे हसायचे. तो म्हणायचा, “हसा, हसा. कडंनं आलेला मानूस दिसत न्हाई, म्हनून तर मंदी घुसतो.”

आता मूळ मुद्द्यावर येतो.

सहादेव आणि त्याची बायको लंकाबाई यांची लेकरं जगत नव्हती. पाळणा हलायचा आणि थांबायचा. मग एक मुलगी झाली. गावची सुईण बनुबाई म्हणाली, “ही आपली म्हनू नका. इकून टाका. दुसऱ्याच्या मालकीच्या पोरीवर नजर पडत न्हाई.”

जुन्या माणसांत ही चाल होती. तगत नसलेलं मूल नावापुरतं दुसऱ्याला विकायचं, वाढवायचं आपणच, आणि लग्नाआधी परत सोडवून घ्यायचं. नावही असं ठेवायचं की काळाला नकोसं वाटावं. तिचं नाव ठेवलं कडूबाई.

विकणार कुणाला? गहिनीनाथ होताच. कुणी दुसरा असता तर लेकराच्या हातावर मूठभर जोंधळे टेकवून मोकळा झाला असता. पण हे दोघे पडले हेडी. त्यांनी सुपात घातलेली पोर समोर ठेवली, रुमाल टाकला आणि रीतसर सौदा केला. पंजा आवळला. बाया हसून हसून लोळल्या.

पोरगी तगली.

कडूबाई बापाला ‘दादा’ म्हणायची आणि गहिनीनाथाला ‘धनीकाका’. तो बाजारातून आला की तिच्यासाठी गुडीशेव आणायचा. सहादेव दरवर्षी म्हणायचा, “गहिन्या, आन हात, पोरगी सोडवून घेतो.” गहिनीनाथ हात पाठीमागं लपवायचा. “लगनात सोडीव. तवर माजी हाय.”

आणि सहादेव हसून सोडून द्यायचा. घाई कशाची होती?

सत्तर सालच्या पौषात गहिनीनाथ बाजारातून घरी आला, अंगणात दावणीपाशी काठीला टेकून बसला, तो बसलेलाच राहिला. दुपारी. ऐन बाजारच्या दिवशी. सहादेवानं त्याला खांदा दिला, खूप रडला. पोरीचा सौदा त्या वेळी कुणाच्याच डोक्यात नव्हता.

वर्ष गेलं. कडूबाईचं लग्न ठरलं. पारनेरकडचं स्थळ होतं, मुलगा एसटीत. चैत्रात सुपारी फुटली आणि जत्रेनंतरची तिथी धरली.

सुपारी फुटली त्याच आठवड्यातली गोष्ट. सहादेव जेवून ओट्यावर आडवा झाला होता. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. आणि...

खुळ... खुळ... खुळ...

त्याला आधी वाटलं, डोळा लागला असेल. तो उठून बसला. बुद्धिबळाची पेटी कोनाड्यात होती. कडी लावलेली. आवाज थांबला होता.

घरातून कडूबाईचा आवाज आला. “दादा, धनीकाका आलेत का?”

सहादेवानं पेटीची कडी चाचपली. “झोप गं. उन्हाचं काय बी ऐकू येतं,” तो म्हणाला.

 पण त्या दिवसापासून पोरगी उतरत चालली. ताटातलं अन्न तसंच राहायचं. हाक मारली तर उशिरा ओ द्यायची, तीही लांबून आल्यासारखी. लंकाबाईनं मीठमोहऱ्या ओवाळल्या, डॉक्टरचं औषध झालं. कशाचा काही गुण नाही.

आणि मग एका दुपारी ती घरातून नाहीशी झाली.

लंकाबाईनं विहिरी बघितल्या. देवळं बघितली. सहादेवाला काय वाटलं कुणास ठाऊक, तो तडक गहिनीनाथाच्या घराकडं गेला. ते घर वर्षभर बंद होतं. दाराला कुलूप, अंगणात पालापाचोळा. दावणीच्या खुंट्या मात्र तशाच होत्या.

कडूबाई एका खुंटीपाशी बसली होती. उन्हात. गुडघ्यात मान घालून.

“कडू... हितं काय करतीस?”

“धनीकाकानी बसवलंय.”

“चल घरला.”

“न्हाई येता येत, दादा.”

त्यानं तिला हाताला धरून उठवलं. तिच्या मनगटावर लाल वळ होता. दाव्याचा काच बसतो ना जनावराला, अगदी तसा. सहादेवानं आजूबाजूला बघितलं.

दावं कुठंच नव्हतं.

आता त्याला सगळं उमगलं. हेडी होता तो. विकलेलं जनावर शेवटी कुणाच्या दावणीला जातं, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. तो धावतच बनुबाईकडं गेला. म्हातारीला आता दिसत नव्हतं, पण डोकं शाबूत होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि पहिलं काय विचारलं, तर, “सोडवली न्हाईस?”

“न्हाई. लगनात सोडवू म्हनलं हुतं.”

“मेल्या, तुमाला चेष्टाच सुचली! मी म्हनलं हुतं मूठभर जोंधळ्याला इका. रुमाल कुनी टाकाया सांगितला हुता? जोंधळ्याचं म्या आज बी सोडवून दिलं असतं, नदीत सोडून. पन हाताला हात लागून झालेला सौदा हाताला हात लागूनच सुटतो.”

“मावशे, त्याचा हात आता कुठनं आनू?”

बनुबाईनं चाचपडत त्याचा उजवा हात धरला आणि तसाच सोडून दिला. 

सहादेव दारातच खाली बसला. गहिन्या वाईट नव्हता हो. पोरीवर त्याचा जीव होता. पण एकट्या माणसाचा जीव कुणावर जडला की तो सुटत नाही, हे सहादेवाला आत्ता कळत होतं. आणि लग्न चार दिवसांवर आलं होतं.

जत्रेचा शुक्रवार उजाडला. त्या वर्षी अंतिम डाव सहादेव आणि कोपरगावचे आबासाहेब यांचा ठरला होता. आबासाहेब साखर कारखान्यात कारकून. माणूस शिकलेला आणि सरळ. सहादेव म्हणाला, मी येत नाही, पोरगी आजारी आहे.

कडूबाई अंथरुणावर उठून बसली. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज स्पष्ट आला.

“जा की, दादा. मला बी न्या. आज धनीकाका खेळाया येनारेत.”

लंकाबाई हुंदका देऊन रडायला लागली. सहादेव मात्र लेकीच्या तोंडाकडं बघतच राहिला. त्याला बनुबाईचे शब्द आठवले. हाताला हात.

त्यानं पेटी उचलली.

लिंबाखाली पोतं अंथरलं होतं. त्यावर कापडी पट. भोवती हेडी, शेतकरी, जत्रेची माणसं. पंच होते काकासाहेब, बाजारातले सगळ्यांत जुने हेडी. पलीकडं बायका उभ्या होत्या. त्यांच्यात सगळ्यांत पुढं लंकाबाई, आणि तिला टेकून कडूबाई. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर. सहादेवाच्या बरोबर समोर.

मोहरे मांडले गेले. सहादेवाचे लाल. लिंबाचं पानही हलत नव्हतं. काकासाहेब म्हणाले, “हं. घाला हात.”

दोघांनी उजवे हात पुढं केले. वर रुमाल पडला.

आबासाहेबांचा हात मऊ होता, घामेजलेला. त्यांनी एक बोट दाबलं. एक प्यादं. सहादेव दोन दाबणार, इतक्यात...

बाजाराचा आवाज गेला.

सगळा. बैलांचं हंबरणं, पाळण्याचं करकरणं, पिपाण्या. कान भरून आल्यासारखं झालं. माणसांची तोंडं हलत होती, पण ऐकू काही येत नव्हतं.

मग एकच आवाज आला. अगदी कानाशी.

खुळ... खुळ... खुळ...

आणि रुमालाखाली सहादेवाच्या मनगटावर दुसरा एक हात पडला.

तो गार होता. चैत्रातल्या त्या उन्हात विहिरीच्या तळासारखा गार. कासऱ्यासारखा खरखरीत. त्याची बोटं मनगटावरून पंज्याकडं सरकत आली. पहिलं बोट. मग मधलं...

मधलं अर्धंच होतं.

सहादेवाला ओरडावंसं वाटलं. हात ओढून घ्यावासा वाटला.  पण समोर लेक उभी होती, आणि ज्या हाताची त्यानं आस धरली होती तो हात आला होता. हीच वेळ होती. पुन्हा येईल न येईल.

त्यानं त्या गार तळव्यावर अंगठ्यानं उलटी रेघ ओढली.

दिलेला माल परत घ्यायचा हाय.

हात थांबला. 

सहादेवानं एक बोट दाबलं.

हात झटकला गेला.

त्यानं दोन दाबली.

पुन्हा झटका. या वेळी जोरात. रुमाल हलला, आणि समोर कडूबाई झोकांडी गेल्यासारखी मागं झुकली. लंकाबाईनं तिला सावरलं.

सहादेवानं तीन बोटं दाबली.

हात स्थिर झाला. ते अर्धं बोट त्याच्या बोटांवरून सावकाश फिरलं. एक, दोन, तीन. खात्री करून घ्यावी तसं.

मग पंजा आवळला गेला.

सौदा पक्का.

आणि एकदम बाजाराचा आवाज परत आला. बैल, पाळणा, पिपाण्या, सगळं. काकासाहेबांनी रुमाल उचलला. खाली दोनच हात होते. एक सहादेवाचा, एक आबासाहेबांचा.

“सुरुवात माजी. तीन प्यादी सोडली,” सहादेव म्हणाला. 

आबासाहेब गोंधळले. “तीन? अहो, मी एक म्हणालो आणि तुम्ही लगेच पंजा आवळलात. सुरुवात माझी ठरली होती.”

गर्दीत कुजबुज झाली. काकासाहेबांनी दोघांकडं बघितलं. “आबासाहेब, ज्यानं जास्त सोडली त्याचं खरं. हेड्याची रीत हाय. रुमालाखालच्या शब्दावर वाद न्हाई.”

आबासाहेबांनी मान डोलावली. पण ते सहादेवाच्या हाताकडंच बघत होते. मग ते पुढं वाकले आणि हळूच म्हणाले, “राग मानू नका. तुमच्या मधल्या बोटाला काय झालंय? अर्धंच लागलं मला.”

सहादेवानं हात उलगडून दाखवला. पाचही बोटं पुरती होती.

आबासाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. 

सहादेवानं आपली तीन लाल प्यादी पटावरून उचलली आणि डाव्या बाजूला पोत्यावर ठेवली. पहिली खेळी राजापुढच्या प्याद्याची करायची, असं त्यानं आधीपासून योजलं होतं. त्यानं हात पुढं केला. हात राजाच्या वरून सरकत सरकत कडेला गेला...

आणि त्यानं उजव्या हत्तीपुढचं प्यादं एक घर सरकवलं.

गर्दीत कुणीच हसलं नाही. वर्षानुवर्षं ही सुरुवात कुणाची होती, ते सगळ्यांना माहीत होतं. काकासाहेबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

डाव सहादेवानं जिंकला. तीन प्यादी कमी असताना जिंकला. कडेचं ते प्यादं एकेक घर सरकत राहिलं, आबासाहेबांचं लक्षच गेलं नाही, आणि शेवटी त्याच प्याद्यानं त्यांच्या राजाला मात दिली. देशी खेळात प्याद्याची मात म्हणजे सगळ्यांत मानाची. लोकांनी सहादेवाला उचललं. फेटा बांधला. हलगी वाजली.

त्याला त्यातलं काही दिसत नव्हतं. तो गर्दी सारत लेकीकडं गेला.

कडूबाई लिंबाच्या बुंध्याला टेकून बसली होती. घाम पुसत होती. तिच्या गालांवर रंग आला होता. बापाला बघून म्हणाली, “दादा, लई भूक लागलीया. काल जेवले न्हाई का मी?”

सहादेवानं तिचं मनगट उलटंसुलटं करून बघितलं. वळ गेला होता. तो माणूस त्या भर जत्रेत लेकीला छातीशी धरून लहान मुलासारखा रडला.

प्यादी गोळा करायला तो परत आला, तेव्हा पोत्यावर ठेवलेली तीन लाल प्यादी तिथं नव्हती.

लोकांनी पोतं झटकलं, पायाखालची माती चाळली. कुणी म्हणालं कुत्र्यानं नेली, कुणी म्हणालं जत्रेतल्या पोरानं. सहादेव हसला. “न्हेऊ द्या त्येला. माजी पोरगी आली, त्येची प्यादी गेली. लई सोस्तात झालं.”

स्वस्तात!

सगळ्या जन्माचा हेडी, आणि त्या दिवशी दात बघायचे विसरला.

लग्न थाटात झालं. कडूबाई पारनेरला नांदायला गेली. गहिनीनाथाच्या घरापुढून जाताना सहादेव हात जोडायचा. मित्रानं मित्राची लाज राखली, असंच त्याला वाटत होतं. एक गोष्ट मात्र चालूच राहिली. मधूनच एखाद्या दुपारी, ओट्यावर...

खुळ... खुळ...

तो म्हणायचा, “खेळ बाबा. तुजीच हायेत ती.”

दुष्काळ सरला त्या वर्षी कडूबाईला पहिला मुलगा झाला. गुटगुटीत. पाचवी झाली, बारसं झालं. तो रांगायला लागला. एका शुक्रवारी दुपारी त्याला पाळण्यात झोपवलं, आणि तो उठलाच नाही. ताप नाही, खोकला नाही. काही नाही.

सहादेव पारनेरला पोचला तेव्हा बाया पाळण्यातली दुपटी काढत होत्या. दुपट्याच्या घडीतून काहीतरी खाली पडलं आणि घरंगळत त्याच्या पायाशी आलं.

लाल प्यादं.

सहादेवानं ते उचलून घेतलं. मग त्याला लिंबाखालची ती दुपार आठवली. पटावरची प्यादी त्याच्या नजरेखाली होती. पण नजरेसमोर, बरोबर समोर, माल म्हणून कोण उभं होतं?

हिरव्या लुगड्यातली कडूबाई.

तीन. कशाचे तीन, ते कुणी बोललंच नव्हतं.

त्यानंतर सहादेवानं पटाला हात लावला नाही. पण शुक्रवार चुकवला नाही. दर शुक्रवारी दुपारी तो लिंबाखाली जाऊन बसायचा. उजवा हात पुढं करायचा आणि त्यावर रुमाल टाकायचा. समोर कुणी नसायचं. अंगठा तेवढा हलत राहायचा, उलटी रेघ ओढत. ऊन असो, पाऊस असो. लोक आधी हसले, मग हळहळले, मग वळसा घालून जायला लागले. बाजारात म्हणायचे, सहादेवाला लागीर झालंय.

त्याला फक्त एकदा तो हात परत हवा होता. लेकीच्या लेकरांऐवजी स्वतःला द्यायचं होतं त्याला.

हात आला नाही.

आवाज मात्र त्याला यायचा. खुळ... खुळ... मुठीत अजून दोन होती.

सहादेवानं प्राण सोडला तोही त्याच लिंबाखाली. हातावर रुमाल तसाच होता. काढताना पंजा आवळलेला सापडला, पण आत काही नव्हतं.

आता नातं सांगतो. कडूबाई माझी आई. सहादेव माझे आजोबा.

आजोबांनी जाण्याआधी हे सगळं आईला सांगितलं होतं. आईनं ते आम्हाला कितीतरी वर्षं सांगितलं नाही. सांगितलं ते माझा थोरला भाऊ गेला तेव्हा. धडधाकट माणूस, रानातून घरी आला आणि अंगणात टेकून बसला. दुपारी. वार सांगायची गरज नाही. त्याच्या सदऱ्याच्या खिशात दुसरं प्यादं मिळालं. रंग थोडा उडाला होता, इतकंच.

राहिलो आम्ही तिघं. मी आणि दोघी बहिणी.

मी बुद्धिबळ खेळत नाही. कुणी ओळखीनं हात पुढं केला तरी माझी नजर आधी त्याच्या मधल्या बोटावर जाते. लोकांना ते विचित्र वाटतं. वाटू दे.

भाऊ जाईपर्यंत आईला तो आवाज ऐकू यायचा. आजोबांनंतर तो तिच्याकडं आला होता. भाऊ गेल्यापासून मात्र बंद झाला. एकदम बंद. मागच्या दिवाळीत मी तिला धीर द्यायला म्हणालो, “आई, बघ, इतकी वर्षं झाली, आवाज नाही की काही नाही. सुटलो असू आपण.”

आई गहू निवडत होती. तिनं सुपातून मान वर केली नाही.

“त्येच्या मुठीत आता एकच राहिलंय, बाळा,” ती म्हणाली. “एकटं प्यादं वाजत न्हाई.”